जलाशयाकाठच्या घरातून वसंताची चाहूल : पाहावे काय आणि लिहावे कसे?



महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हटले जाते. माळावरच्या गावात वसंत आला हे पळसाच्या फुलांवरून आणि आंब्याच्या मोहोरावरून कळते. पण ज्यांचे घर धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे, त्यांना वसंताची चाहूल त्याआधीच, आणि झाडांपेक्षा पाण्याकडून लागते. पाणी मागे सरकू लागते, ओला गाळ उघडा पडतो, काही पक्षी जाण्याची तयारी करतात, तर काही त्याच गाळावर अंडी घालण्यासाठी जागा शोधू लागतात. नेमक्या याच दिवसांत आपणही त्या गाळावर नांगर, पाभर आणि फवारणीचा पंप घेऊन उतरतो. त्यामुळे ही चाहूल ओळखता येणे हा काठावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ हौसेचा विषय नाही.

या लेखात प्रामुख्याने उजनी जलाशयाचे उदाहरण घेतले आहे. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टी.एम.सी. असून त्यापैकी उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टी.एम.सी. आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यात मोडते. इंदापूर तालुक्यातील भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव आणि पलीकडे करमाळा तालुक्यातील केत्तूर, वाशिंबे या भागांत फुगवट्याचे पाणी उथळ आणि काठ सपाट आहे. नाथसागर किंवा नांदूर मधमेश्वरच्या काठी राहणाऱ्यांना यातील बहुतेक गोष्टी थोड्या फार फरकाने आपल्याकडेही दिसतील.

पहिली खूण पाण्याची

सर्वप्रथम आपल्या घरासमोर काठावर एक खुंटी ठोका. शक्यतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पाणी जेथे टेकले आहे तेथेच. त्यानंतर दर रविवारी पाण्याच्या कडेला नवी खुंटी ठोकावी आणि दोन खुंट्यांतील अंतर पावलांनी मोजावे. जमिनीला शंभर फुटांत एक फूट उतार असेल तर पाणी एक फूट उतरताच काठ शंभर फूट मागे जातो. म्हणजे धरणाच्या भिंतीजवळ जी घट डोळ्यांना जाणवतही नाही, ती भिगवणकडच्या सपाट काठावर मोठी पट्टी उघडी पाडते. ऊस, कालव्याची आवर्तने आणि वाढते ऊन यांमुळे फेब्रुवारीनंतर हा वेग वाढतो.

ही उघडी पडणारी ओली पट्टी म्हणजे पाणपक्ष्यांचे ताट आहे. तिच्यात किडे, अळ्या, शिंपले, गोगलगायी, पाणवनस्पतींचे कंद असे सर्व काही असते. पाण्याची खोली वीतभर असते तेथे लांब पायांचे पक्षी, पाणी नुसते चमकते तेथे लहान चिखलपक्षी आणि चिखल सुकू लागला की टिटव्या, असा हा क्रम लागतो. खुंट्यांच्या ओळीकडे पाहून कोणता पक्षी कोणत्या पट्टीत आहे हे आठ दिवसांत ध्यानात येईल.

चिखलात आणखी एक गंमत पाहावयास मिळते. पाणी ओसरलेल्या जागी ताटाएवढे गोल खळगे दिसतात. अनेकांना ती जनावरांच्या पायांची किंवा बुडबुड्यांची खूण वाटते. ते खळगे चिलापी माशाच्या नराने केलेले असतात. पाणी उबदार होऊ लागले की नर उथळ जागी खळगा करतो, मादी तेथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेऊन जाते. पिल्ले निघेपर्यंत आणि नंतरही काही दिवस ती तोंडातच सांभाळते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला; १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता उजनीच्या जाळ्यांत सर्वाधिक दिसणाऱ्या माशांपैकी तो एक आहे. पहिले खळगे कोणत्या तारखेला दिसले हे लिहून ठेवा. पाणी केव्हा तापू लागले याची ती चांगली नोंद आहे, थर्मामीटर नसला तरी चालतो.

जाणारे पाहुणे

वसंत म्हणजे आगमन, अशी आपली कल्पना असते. जलाशयावर मात्र वसंताची मोठी खूण म्हणजे निघून जाणे. हिवाळ्यात आलेले बहुतेक पक्षी फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत परत जातात.

यात सर्वांत आधी लक्ष ठेवावे ते पट्टकादंब हंसावर. राखाडी अंग, पांढरे डोके आणि डोक्याच्या मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे, अशी याची ओळख अगदी सोपी आहे. तिबेट, लडाख, मंगोलिया या भागांत तो घरटी करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. काठावरच्या शेतकऱ्याला तो वेगळ्या कारणाने माहीत असतो : रात्री गाळपेरीतील हरभरा, गहू यांच्या कोवळ्या पिकात थवा उतरतो आणि सकाळी वाफा कातरल्यासारखा दिसतो. त्याच्याविषयी तक्रार असणे साहजिक आहे. परंतु तो मार्चमध्ये जातोच, त्यामुळे उशिरा पेरलेल्या वाफ्याला केव्हा राखण लागेल आणि केव्हा लागणार नाही हे ज्याने मागील दोन-तीन वर्षांच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत त्यालाच सांगता येईल. जाण्यापूर्वी आठ-दहा दिवस हे हंस संध्याकाळी अधिक बोलतात, वारंवार उडतात, पुन्हा उतरतात. मग एके सकाळी पाणी रिकामे दिसते. ती तारीख लिहावी.

चक्रवाक, म्हणजे नारिंगी रंगाचे ब्राह्मणी बदक, साधारण याच सुमारास जाते. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी (यालाच चांदवा म्हणतात) पाण्यावर शेकड्यांनी दिसतो. त्याचे थवे विरळ होऊ लागले की थंडी संपली समजावे. पंढरीच्या वाटेवरच्या भीमेत या पक्ष्याला वारकरी हे नाव कोणी दिले असेल ते असो, पण नाव देणाऱ्याची नजर चांगली होती.

लहान पक्ष्यांत पिवळा धोबी नक्की पाहावा. डिसेंबरमध्ये काठावर शेपूट हलवत फिरणारा हा पक्षी मळकट, फिका दिसतो. मार्चमध्ये त्याच्या छातीवर हळदीसारखा पिवळा रंग चढतो. मालगुजा नावाचा लांब चोचीचा चिखलपक्षीही याच दिवसांत करड्याचा विटकरी होतो. पक्षी तोच, पिसे नवी. घरटे करण्याच्या प्रदेशात पोहोचण्यापूर्वीच त्यांचा लग्नाचा पोशाख तयार होतो. आमच्या मते नवख्या माणसासाठी यासारखा दुसरा धडा नाही, कारण आठ-आठ दिवसांनी त्याच जागी पाहिले तर बदल आपल्या डोळ्यांसमोर घडतो.

जाण्यापूर्वी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवावी लागते, कारण पुढील प्रवास हजारो किलोमीटरचा असतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना विनाकारण उडवू नये. मुलांना दगड मारू देऊ नये, कुत्रे मोकळे सोडू नये, आणि ज्यांचा नौकाविहाराचा व्यवसाय आहे त्यांनी थव्याच्या मधोमध होडी घालू नये. थवा उडाला की पाहुण्यांना छायाचित्र छान मिळते, हे खरे. पण रोज दहा वेळा उडवलेला थवा जागा बदलतो, आणि मग होडीवाल्याचेच नुकसान होते.

रोहित पक्ष्यांचे मात्र वेळापत्रक निराळे आहे. हंस निघून जात असताना रोहितांना उलट सुगीचे दिवस येतात, कारण पाणी उतरल्याने त्यांना हवे तसे उथळ पाणी वाढत जाते. चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात आणि बारीक जीव टिपतात. ते उजनीवर अंडी घालत नाहीत. कच्छच्या रणात त्यांची मोठी वसाहत होते. पाऊस जवळ आला की ते जातात. पण मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पन्नास-शंभर पक्षी एकमेकांना खेटून, माना ताठ करून, डोकी झटक्याने डावी-उजवीकडे वळवत पाण्यातून कवायत करताना दिसतात. जोड्या जमण्याच्या हंगामाची ती पूर्वतयारी आहे. ओसरीत बसून हे पाहता येणे हे काठावर राहणाऱ्याचे भाग्यच म्हणावे लागेल.

भोरड्या, पळस आणि हुरडा

पळस फुलला की भोरड्यांकडे पाहावे. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियातून येतात आणि एप्रिलमध्ये परत जातात. पळस, पांगारा, काटेसावर यांच्या फुलांतील मध त्यांना फार आवडतो आणि एका फुलातून दुसऱ्या फुलात जाताना परागीभवनही होते. संध्याकाळी त्यांचे हजारोंचे थवे जलाशयाकाठच्या झाडोऱ्यात किंवा पाणकणसांत उतरण्यापूर्वी आकाशात धुरासारखे वळतात.

रब्बी ज्वारी हुरड्यात असताना भोरडी नुकसान करते, हे लपविण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत गोफण, डबा, चमकणारी फीत जे काही हाताशी असेल ते वापरून राखण करावीच. परंतु जाळे लावणे, विषारी दाणे टाकणे हे करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि दुसरे असे की हीच भोरडी नाकतोडे व टोळ मोठ्या प्रमाणात खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग व भिंती रचून दिल्या जातात. आपल्याकडे ती पाहुणी आहे, तिकडे ती राखणदार आहे. ज्वारीची काढणी झाली की आपलीही तिच्याशी काही तक्रार राहत नाही.

मधमाशी : येथे चूक महागात पडते

गाळपेरीत डिसेंबर-जानेवारीत लावलेले कलिंगड, खरबूज, काकडी फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलावर येतात. याच वेळी कांदा बीजोत्पादनाचे गोंडे उमलतात. आणि याच वेळी सातेरी मधमाश्यांची मोहोळे फुटून नवे घोळके बाहेर पडतात, आग्या माश्यांची मोठी पोळी उंच झाडांवर व पुलांखाली लटकलेली दिसतात. हा योगायोग नव्हे. फुलोरा असतो म्हणून माशी वाढते.

कलिंगडाचे मादीफूल सूर्योदयानंतर थोड्या वेळाने उमलते, दुपारपर्यंत मिटते आणि एकच दिवस टिकते. तेवढ्या वेळात माशीने नरफुलावरील पराग आणून पोहोचविला नाही तर ते फूल गळते, किंवा परागकण अपुरे पडल्यास फळ एका बाजूने फुगते व वेडेवाकडे होते. हे पुस्तकात वाचून आम्हाला ठाऊक होते. तरीही एका वर्षी आमच्या घरच्या पाऊण एकर गाळपेरीत मावा दिसला म्हणून थोरल्या बंधूंनी सकाळी नऊच्या सुमारास फवारणी केली, आणि पंप भरून देणारे आम्हीच होतो. दुपारनंतर कामे अडू नयेत एवढाच विचार होता. त्या दिवशी बांधावर, आळ्यांत, पाण्याच्या पाटात मेलेल्या माश्या दिसल्या. पुढील दहा-बारा दिवस वेलावर फूल होते, पण माशी नव्हती. त्या तोडणीला निम्म्याहून अधिक माल बाजारात नेण्याजोगा निघाला नाही. कीड कमी झाली होती हे खरे, परंतु त्या फळांना गिऱ्हाईक नव्हते.

तेव्हापासून आमच्या नोंदवहीत माशीसाठी वेगळा रकाना आहे. सकाळी सात ते नऊ या वेळेत वेलीजवळ दहा मिनिटे स्वस्थ बसावे, समोरची दहा फुले नजरेत ठेवावीत आणि त्यांवर किती वेळा माशी बसली ते मोजून लिहावे. आकडा एकदम घटला तर कारण शोधावे : शेजारच्या शेतात फवारणी झाली का, वारा जोराचा आहे का, जवळचे पोळे कोणी जाळले का? फवारणी खरोखरच करावी लागली तर सूर्यास्ताच्या सुमारास, फुले मिटल्यानंतर करावी आणि डब्यावरील सूचनेप्रमाणेच मात्रा घ्यावी. आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगावे, विशेषतः त्याच्याकडे मधपेट्या असल्यास.

आंब्याबाबतही थोडक्यात सांगावयाचे तर मोहोर फुटण्यापूर्वी व फुले उमलण्यापूर्वी तुडतुड्यांकडे लक्ष द्यावे. पूर्ण फुलोऱ्यात फवारणी टाळावी. आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्या-चिलटांकडून होते आणि तीही औषधाने तितकीच मरतात.

टिटवीचे घरटे आणि ट्रॅक्टरचा फाळ

आता या लेखातील सर्वांत निकडीचा भाग.

मार्च लागला की टिटवी काठावरच्या सुकत्या गाळात किंवा मुरमाड चढावर अंडी घालू लागते. घरटे म्हणून काही बांधलेले नसते. एक उथळ खळगी, तिच्याभोवती खडे आणि लेंड्या. अंडी बहुधा चार, मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची आणि टोके आत करून ठेवलेली. पाच पावलांवरूनही ती दिसत नाहीत. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला तर दिसणे शक्यच नाही. याच दिवसांत उशिरा उघडी पडलेली पट्टी चाऱ्याच्या मक्यासाठी किंवा भाजीपाल्यासाठी नांगरली जाते आणि अंडी फाळाखाली जातात.

अंडी दिसत नसली तरी टिटवी स्वतःच पत्ता सांगते. आपण दूर असताना ती मुकाट उठून वाकून चालत बाजूला जाते आणि नंतर ओरडते. जवळ गेलो की डोक्यावरून झेपा घेते. नांगरटीच्या आदल्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावर अर्धा तास बसून ती कोठून उठते आणि परत येऊन कोठे बसते एवढे पाहावे. जागा निश्चित झाली की घरट्यापासून पाच-सहा हातांवर दोन बाजूंना काठ्या रोवाव्यात. अगदी जवळ खूण करू नये, कारण कावळा आणि कुत्रा हुशार असतात. दहा-बारा हातांचे गोल सोडून बाकीचे शेत खुशाल नांगरावे. ट्रॅक्टर गेला की पक्षी परत येतो. पिल्ले बाहेर पडण्यास सुमारे चार आठवडे लागतात आणि ती निघाल्यावर काही तासांतच आईमागे पळू लागतात. मग ती जागाही नांगरता येते. अंडी उचलून दुसरीकडे ठेवू नयेत, अशा अंड्यांवर पक्षी परत बसेल याचा भरवसा नसतो.

कुंभारगावच्या बाजूस एका शेतकऱ्याने अशा प्रकारे दोन गोल सोडले होते. शेजारी हसले. एक गोल कुत्र्यांनी मोडला, दुसऱ्यातून तीन पिल्ले निघाली. त्याचे गेले किती? मक्याची दोन-चार पाचुंदे. पुढच्या वर्षी हसणाऱ्यांपैकी एकजण काठ्या मागायला आला, असे त्यानेच सांगितले.

दुपारी मात्र घरट्याजवळ रेंगाळू नये. उन्हात उघडी राहिलेली अंडी लगेच तापतात. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती त्यांना थंड ठेवण्यासाठी. काठावर घर असलेल्याला हे दृश्य घरातूनच पाहता येते. दुर्बीण असेल तर फारच उत्तम.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगटात घातली तर कमी, असा समज सर्वत्र आहे. तो नोंदवून पडताळून पाहण्यास हरकत नाही. परंतु बियाणे कोणते व केव्हा घ्यावे हे त्यावरून ठरवू नये. काठावर तर जागेची उंची पाणी किती उतरले यावरच पुष्कळशी अवलंबून असते.

टिटवीपेक्षाही अधिक संकटात असलेला पक्षी म्हणजे नदी सुरय. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. पाण्यावर घिरट्या घालून मासा टिपणारा. जागतिक पातळीवर त्याची गणना असुरक्षित पक्ष्यांत होते. मार्च ते मे या काळात तो पाण्यातील उघड्या बेटांवर, वाळूत दोन-तीन अंडी घालतो. भिंगरीसारखा उडणारा एक लहान करडा चिखलपक्षीही त्याच्या शेजाऱ्याला असतो. चोहोबाजूंना पाणी आहे म्हणून तो ती जागा निवडतो आणि महिन्याभरात पाणी इतके उतरते की बेट काठाला जोडले जाते. मग कुत्री, मेंढरे, माणसे सरळ चालत पोहोचतात. ज्यांच्या घरासमोर असे बेट आहे त्यांनी ते केव्हा जोडले जाते याकडे लक्ष द्यावे, मेंढपाळांना सांगून कळप दुसऱ्या बाजूने न्यावा आणि आपले कुत्रे त्या तीन-चार आठवड्यांत बांधून ठेवावे. एवढ्यानेही पुष्कळ अंडी वाचतात.

झाडांवरची वस्ती यापेक्षा सुखात असते. भादलवाडीच्या तलावावर आणि इंदापूर गावातील जुन्या चिंचांवर चित्रबलाकांची घरटी असतात. खाली विष्ठेचा वास येतो खरा, तरी तेथील लोकांनी ती वस्ती टिकू दिली आहे.

घराभोवती घ्यावयाची काळजी

ज्वारी काढून कडब्याची गंजी घराजवळ लागली की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रात्री उबदार होऊ लागल्या की संध्याकाळी त्यांची हालचाल वाढते. पाण्याच्या कडेला दिसणारा दिवड बिनविषारी आहे, त्याला मारू नये; धामण तर उंदरांचा काळ आहे. घोणस मात्र ओळखता आलीच पाहिजे : जाड अंग, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. पहाटे पाणी धरायला जाताना बॅटरी आणि गमबूट वापरावेत, गंजीत सरळ हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, दोरी आवळू नये, अंगठी-कडे काढावे, तो भाग न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने ज्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे तेथे जावे. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दुसरे असे की काठावर एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळले तर त्यांना हात लावू नये, कोंबड्यांना त्या बाजूस सोडू नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. काठावरची परसातील कोंबडी आणि रानपक्षी एकाच पाण्यावर येतात हे विसरू नये.

नोंदवही

यासाठी शाळेची शंभर पानी वही पुरते. रकाने असे आखावेत : तारीख व तिथी, वेळ, काय दिसले, कोठे (कोणत्या खुंटीजवळ), अंदाजे किती, वारा व आभाळ, आणि शेतात त्या दिवशी काय चालले होते. शेवटचा रकाना अनेक जण गाळतात, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

तिथीबरोबर तारीख लिहिणे आवश्यक आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि अधिक मासाने ते पुन्हा जुळवले जाते. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्यामुळे 'होळीला कोकीळ बोलली' एवढेच लिहिले तर दोन वर्षांची तुलना करताना घोटाळा होतो. पक्षी आणि झाडे ऊन व दिवसाची लांबी पाहतात, पंचांग पाहत नाहीत. जाता जाता, कुहू करणारा असतो तो नर, काळाभोर. ठिपक्यांची मादी वेगळाच तुटक आवाज काढते.

नाव ठाऊक नसेल तर आपल्या गावातले नाव लिहावे. कोळी बांधवांकडे, मेंढपाळांकडे अशी नावे पुष्कळ असतात. कै. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात अशीच लोकांच्या तोंडची नावे टिपली आणि ती पुढे त्यांच्या 'पक्षीकोशा'त आली. सोबत खिशातील मोबाईलवर एखादे छायाचित्र काढले तर जाणकाराला नंतर विचारता येते.

पाहण्याची उत्तम वेळ सूर्योदयापासून दोन तास. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी जागा निवडावी, नाहीतर पाण्यावरच्या चकाकीत सगळे पक्षी काळेच दिसतात. रोज जमले नाही तरी आठवड्यातून दोन दिवस, तीच जागा, तीच वेळ. काहीच दिसले नाही तर 'काही नाही' असे लिहावे. हंस गेल्याची तारीख अशाच नोंदींतून कळते. देशभरात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्यात काठावरचे रहिवासी भाग घेऊ शकतात. पण जानेवारीनंतर मे महिन्यापर्यंत रोज काठावर असणारा माणूस म्हणजे आपणच.

मे महिन्यात वहीची शेवटची पाने येतात. पाणी सर्वांत खाली गेलेले असते, एखाद्या कमी पावसाच्या वर्षी पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर आलेले असते. पावशा 'पेरते व्हा' म्हणू लागतो, सुगरणीच्या नराचे डोके पिवळे होते आणि पाण्यावर वाकलेल्या बाभळीला पहिली गवताची गाठ बसते. त्या दिवशीची तारीख लिहून शेवटची खुंटी ठोकावी आणि पहिल्या खुंटीपर्यंतची पावले मोजून वहीच्या मुखपृष्ठावर आकडा घालावा. पुढच्या जानेवारीत नवी वही सुरू करताना तो समोर असू द्यावा.